राखीव नाव मागायला गेले, त्याची हकिगत

फॉन्ट बदलायला वेळ लागला नाही. मला ल आणि श मराठी वळणाचे हवे होते, आणि ते त्या फॉन्टमध्ये होतेच, फक्त आत दडलेले. मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला कळलं तर ते दिसतात, नाही कळलं तर हिंदी वळणाचे येतात. आमच्या डीटीपीच्या कामात निम्म्या सॉफ्टवेअरना हे कळत नाही. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला ठरवून दिली, पण संगणकाला ते कोण सांगणार? म्हणून मराठी रूपंच मूळ जागी आणून ठेवली, चार-दोन जोडाक्षरं नीट केली आणि काम संपलं असं धरून चालले.

फॉन्टला एसआयएल या संस्थेने तयार केलेलं ओपन फॉन्ट लायसन्स, म्हणजे मोकळा परवाना, होतं. वापरा, बदला, वाटा, सगळी मुभा. सुटा फॉन्ट तेवढा विकायचा नाही. पण कॉपीराइटच्या ओळीच्या शेवटी ‘रिझर्व्ह्ड फॉन्ट नेम’ असे शब्द आणि पुढे फॉन्टचं नाव असेल, तर बदललेल्या आवृत्तीला ते नाव देता येत नाही. कॉपीराइटधारकाने स्पष्ट लेखी परवानगी दिली तरच. तुम्ही कोणताही मोकळा फॉन्ट हातात घेतलात तर आधी ही ओळ वाचा, बाकी परवाना नंतर वाचलात तरी चालेल.

अट मला पटते. माझ्या आवृत्तीत र्‍य तुटला तर शिव्या मूळ फॉन्टवाल्यांनी का खायच्या? शिवाय एकाच नावाचे दोन वेगळे फॉन्ट दोन मशीनवर असले की पुस्तकाची पानं सरकतात, हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. तरी मला जुनं नाव हवं होतं, कारण आमच्याकडचे ऑपरेटर फॉन्ट नावानेच मागतात. जुन्या नावापुढे ‘मराठी’ लावून द्यायचं, एवढंच डोक्यात होतं. त्यालाही परवानगी लागतेच.

कॉपीराइटधारक एक संस्था होती. नाव सांगत नाही. फाइलमध्ये दिलेल्या पत्त्यावर मेल केला, तो परत आला. संकेतस्थळावरच्या सामान्य चौकशीच्या पत्त्यावर केला, त्याला उत्तर नाही. मग फोन. पहिल्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून विचारलं, “मॅडम, फॉन्ट म्हणजे तो टाइपरायटरचा का?” त्यांचा काही दोष नाही. ज्या प्रकल्पात फॉन्ट बनला तो कधीच गुंडाळला होता, बनवणारी माणसं दुसरीकडे गेली होती. सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आणि वारसांना जमीन कुठे आहे तेच ठाऊक नाही, असा तो मामला.

तिथून मला आस्थापना विभागाकडे पाठवलं, आस्थापनाने विधी विभागाकडे. विधी विभागातल्या बाई हुशार होत्या, परवाना त्यांनी खरंच वाचला. पण वाचून त्यांनी विचारलं, “यात संस्थेला रॉयल्टी किती?” मी म्हटलं, शून्य, फॉन्ट फुकट आहे, तुम्हीच फुकट दिलाय. “मग परवानगी कशाची मागताय?” नावाची. “नाव फुकट नाही दिलं का?” नाही, तेवढंच राखून ठेवलंय. “कोणी?” तुम्ही. यावर फोनवर बराच वेळ कोणी बोललं नाही.

अर्ज लेटरहेडवर हवा म्हणाल्या. मी एकटी काम करते, माझं कसलं लेटरहेड? छापून घेतलं. मग वापराचा हेतू, मग वितरणाचा अंदाज. मोकळ्या सॉफ्टवेअरच्या वितरणाचा अंदाज कोण देणार? कोणीही उतरवून घेईल, पुढे कोणालाही देईल, मोजणारं कोणी नाही. तसं लिहून दिलं तर “अंदाज अस्पष्ट” म्हणून शेरा. पाठपुरावा करत राहिले, कारण दर वेळी “पुढच्या आठवड्यात” असं इतक्या गोड आवाजात सांगायचे की आशा सुटेना.

शेवटी उत्तर आलं. मथितार्थ असा: आपण नमूद केलेलं नाव संस्थेच्या मालमत्ता नोंदीत आढळत नाही, त्यामुळे त्याबाबत परवानगी देणं संस्थेला शक्य नाही, तथापि संस्थेच्या परवानगीविना त्याचा वापर करू नये. पत्र मी जपून ठेवलंय. असं मराठी आता कोण लिहितं?

त्याच रात्री नाव बदलायला बसले. मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये ही नवी गोष्ट नाही. बिटस्ट्रीम व्हेरा नावाचा फॉन्ट सुधारून पुढे नेलेला फॉन्ट देजावू नावाने जगभर पोचला, कारण व्हेराच्या परवान्यातही बदललेल्या फॉन्टला ते नाव चालत नाही. डेबियन ही लिनक्स प्रणाली बनवणाऱ्यांनी तर २००६ मध्ये आपल्याकडच्या फायरफॉक्स ब्राउझरचं नाव बदलून आइसवीझल केलं, ते २०१६ पर्यंत चाललं.

नाव निवडताना रोमन स्पेलिंग आधी बघा. फॉन्टच्या पोटात छपाईच्या यंत्रणेसाठी एक पोस्टस्क्रिप्ट नाव असतं, त्यात साधी रोमन अक्षरंच चालतात, मोकळी जागा चालत नाही, लांबी ६३ अक्षरांपर्यंत. ‘करवंद’ मला फार आवडलं होतं, पण व साठी कोणी व्ही टाइप करणार, कोणी डब्ल्यू. ‘पाटी’ रोमनमध्ये पती होते. ‘टाक’मध्ये एक ए की दोन? ‘तगर’ सगळेच एकाच पद्धतीने लिहितात, म्हणून तगर. नाव ठरवण्याआधी फॉन्टच्या संग्रहांत, कोडच्या भांडारांत आणि ट्रेडमार्कच्या सरकारी शोधात नववा वर्ग, म्हणजे सॉफ्टवेअरचा, एकदा चाळून घ्या. शोध फुकट आहे.

मग आतली नावं. फॉन्टटूल्स या फॉन्ट दुरुस्तीच्या साधनांमधल्या टीटीएक्सने फाइल उघडली की ‘नेम’ तक्ता दिसतो, त्यात प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. १ म्हणजे कुटुंबाचं नाव, ३ म्हणजे ओळख, ४ पूर्ण नाव, ६ पोस्टस्क्रिप्ट, वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाड-बारीक आवृत्त्या, जास्त असतील तर १६ सुद्धा. सगळीकडे बदला. ० क्रमांकाची मूळ कॉपीराइट ओळ मात्र काढायची नाही, तिच्याखाली आपली वाढवायची. आणि हिंदीच्या वेगळ्या नोंदी असतील तर त्या शोधा, देवनागरीतलं जुनं नाव तिथे दडून बसतं. नव्या आवृत्तीचा परवाना तोच राहतो, त्यात निवड नाही.

हो, ज्यांना स्वतःचा नवा फॉन्ट काढायचाय त्यांनी नाव राखून ठेवावं का? माझं मत: नको. गूगल फॉन्ट्सवालेही नव्या फॉन्टला राखीव नाव नको म्हणतात, कारण वेबसाठी फॉन्टमधली नको ती अक्षरं काढून फाइल हलकी केली तरी ती बदललेली आवृत्ती ठरू शकते. आणि राखायचंच असेल तर कॉपीराइटच्या ओळीत असा पत्ता द्या जो तुमची नोकरी सुटल्यावरही चालेल.

तगरमध्ये मी राखीव नाव ठेवलेलं नाही. ऑपरेटर मंडळींची अडचण माहितीच्या फाइलने सुटली. हा फॉन्ट अमुकवर आधारित आहे, असं तिथे मूळ नाव घेऊन लिहायला परवान्याची हरकत नाही. अट फक्त फॉन्टच्या यादीत दिसणाऱ्या मुख्य नावापुरती आहे. जुन्या नावाने शोधणाऱ्याला आता तगर सापडतो. तक्रारी येतात त्या ठळक वजनातल्या ळ बद्दल, आणि त्या रास्त आहेत.