हँडगियरची पद्मिनी घ्यावी म्हणते

जुनी गाडी घ्यायची आहे, पण पन्नास वर्षांपेक्षा जुनी मला नको. 2021 च्या नियमांनी अशा गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं दिली, ते छानच झालं. पण ती नोंदणी घेतली की गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. मला तर भाजी आणायला गाडी न्यायची आहे. दसऱ्याला आमच्या कोल्हापुरात राजघराण्याची मेबॅक ही जुनी मोटार निघते, ती डोळे भरून बघावी आणि घरी यावं.

म्हणून मी नव्वदच्या दशकातली प्रीमियर पद्मिनी शोधतेय. खरी गंमत अशी की गाडी नव्वदच्या दशकातली असली तरी घडण साठच्या दशकातली आहे. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनत होती, तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं आणि थोड्याफार बदलांनी ती शतक संपेपर्यंत चालली. 1089 सीसीचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मागे स्प्रिंगचे पाटे आणि स्टिअरिंगलगत गियरचा दांडा, म्हणजेच हँडगियर. बॉनेट उघडलं की कार्ब्युरेटर कुठे, डिस्ट्रिब्युटर कुठे, सगळं दिसतं आणि हातही पोचतो. अॅम्बेसेडर आमच्या बोळात वळणार नाही. मारुती 800 शहाण्या माणसाने घ्यावी, पण तिच्यात बसून मला काही होत नाही.

आमचे मिस्त्री म्हणतात, “ताई, इंजिनाचं बघू नका, ते मी करतो. पत्रा बघा.” उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत लेथवर बुश करून मिळेल, ब्लॉक रिबोर होईल, काच, बीडिंग, दिव्यांची भिंगं मात्र कोण बनवणार? मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी पळत होत्या तोवर स्पेअरला तोटा नव्हता. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची टॅक्सी बंद झाली. आता जुना साठा आणि भंगार, यांवरच भिस्त.

जयसिंगपूरकडे एक पांढरी बघितली. मालक म्हणाले, “मॅडम, गाडी कधी पावसात काढली नाही.” मी पर्समधलं लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या पट्टीला लावलं, ते टपकन खाली पडलं. पत्रा कमी, भोकं बुजवायची लांबी (पुटी) जास्त. मॅट उचलली तर पायाखाली रस्ता दिसत होता. चहा मात्र फार छान दिला त्यांनी.

स्वस्तात मिळणाऱ्या गाडीची मेख बहुतेक वेळा कागदात असते. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग लागतं, आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाची फी दहा हजार झाली. त्यामुळे पासिंग संपलेली गाडी “किरकोळ काम आहे” म्हणून गळ्यात मारली जाते. आरसी आधी बघायची, चासी नंबर स्वतः वाचायचा, मग पैशाचं बोलायचं.

पेट्रोलचाही विचार केलाय. वीस टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून गाडी आली की आधी पेट्रोलचे पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला रबरी पडदा, बदलायचा. एप्रिलच्या उन्हात घाट चढताना पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. पंपावर ओलं फडकं टाकून जरा थांबायचं, हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याचं म्हणणं, जी गाडी तापात कपाळावर ठेवतात तशी ओली घडी ठेवून घ्यायला लावते तिच्यातून फोंडा घाट उतरायचा नाही. उतरताना काही होत नाही, चढताना होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

सध्या गडहिंग्लजची एक हिरवी मनात भरली आहे. हँडगियर, एकच मालक, पासिंग 2028 पर्यंत, आणि चुंबक सगळीकडे चिकटलं. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंग पिन वाजतात, मागचा सायलेन्सर गेलाय. ते एक लाख साठ हजार म्हणतात, मी एक वीसवर अडून बसले आहे. एक चाळीसला घेईन. ओळखीचं कुणी गडहिंग्लजला असेल तर हे तिकडे बोलू नका.