भूकंप कधी येणार हे सारखं विचारता, म्हणून

लग्नात, एसटीत, परवा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना, प्रश्न तोच. मॅडम, भूगर्भशास्त्र शिकवता ना, मग पुढचा भूकंप कधी? माहीत नाही म्हटलं की ते एक हसू येतं चेहऱ्यावर, की ग्रहण सांगतात मिनिटासकट आणि यांना एवढं जमेना.

अहो, सूर्य-चंद्र दिसतात तरी. इथे सगळं कित्येक किलोमीटर खाली, खडकाच्या आत. रशियातलं कोलाचं बोअर, जगातलं सगळ्यात खोल, तेही सव्वाबारा किलोमीटरच, आणि कोयनेला आपण 3 पर्यंत गेलोय. खडकात ताण किती साठलाय आणि तो कितीला तुटणार हे कळल्याशिवाय तारीख कुठून देऊ? चीनने 1975 ला हायचेंगमधून लोकांना वेळेत बाहेर काढलं, केवढं कौतुक झालं, आणि पुढच्याच वर्षी तांगशानला दोन लाखांवर माणसं गेली, इशारा नाही काही नाही. अमेरिकनांनी पार्कफिल्डला 1993 पर्यंत येणार म्हणून यंत्रं लावून ठेवली, आला 2004 ला.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मराठवाड्यातल्या त्या गावात काही कामाला आलं नाही. जमिनीतून गूढ आवाज, मांडणीवरची भांडी वाजायची, म्हणून बोलावलेलं. मारुतीच्या पारावर मी समजावत होते की असे धक्के बहुतेक ठिकाणी आपोआप थांबतात. एक आजी म्हणाली, "किल्लारीला बी आदल्या वर्साला असंच हलत हुतं की." खरंच होतं. 1992 ला तिथे हादरे बसले होते, आणि 1993 ला विसर्जन करून लोक झोपले त्या रात्री काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. मग म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या बाई. आज रातच्याला आत निजू का भाईर?"

वर्गात "हे आपल्याला माहीत नाही" असं मी फार ऐटीत म्हणायचे, वर त्यालाच विनय समजायचे. तिथे ते तोंडातून निघेना. तिच्या घरी गेले. दगड-मातीची दोन हात जाड भिंत, वर माळवद, किल्लारीत माणसं मारली ती असल्याच घरांनी, आणि हिची बाज नेमकी भिंतीला टेकवलेली. पत्र्याच्या खोलीत झोपा म्हटलं, तर "तितं ल्योक-सून निजत्यात." अंगणात म्हटलं तर पाऊस, इंचू. शेवटी दोघींनी मिळून बाज ओढत दारापाशी आणली. तिने गोधडी टाकली आणि म्हणाली, "म्हंजी तुमालाबी ठावं न्हाई."

नाही ठाऊक. पुढे धक्के थांबले, आणि गावात आता बोलतात की मॅडमनी म्हातारीला उगाच घाबरवलं. मग काय खोटा धीर द्यायचा होता? इटलीत लाक्विलाला 2009 ला भूकंपाच्या आधी लोकांना तसा धीर दिला गेला, तीनशेवर माणसं मेली, शास्त्रज्ञांना शिक्षा झाली, वरच्या कोर्टात सुटले ते नंतर. पण हेही आहे की निवांत झोप तिला माझ्या खरं बोलण्याने मिळाली नाही, ती कदाचित खोट्यानेच मिळाली असती. यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.

आता नवीन निघालंय, एआय सांगेल का. कशावर शिकवणार त्याला? यंत्रांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या, आणि किल्लारीसारख्या जागी असा भूकंप हजारो वर्षांत कधीतरी. तरी कधीच जमणार नाही असं मी लिहून देणार नाही. किल्लारी तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, आणि तो नकाशा आमच्यासारख्या शिकलेल्यांनीच काढलेला.