पांढरी सहा

आमच्या वसईत लग्नाला ब्रास बँड हवाच. त्यामुळे शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट आणि ड्रमसाठी मुलांची कायम झुंबड. मी आठवीत होते त्या वर्षी, १९९१ साली, बँडच्या कपाटात एक जुना आल्टो सॅक्सोफोन येऊन पडला आणि सरांनी तो मला शिकवायचं ठरवलं. पण पहिले तीन आठवडे हातात आला तो फक्त माउथपीस, तोंडात धरून फुंकायचा तुकडा.

काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा. त्याच्या खालच्या बाजूला रीड, बोरूसारख्या गवताची पातळ पट्टी. आधीच्या कुणाच्या तरी पुढच्या दातांनी वरच्या बाजूला दोन उथळ खाचा पडल्या होत्या. सर म्हणाले, "वरचे दात तिथेच टेकव. खालचा ओठ दातांवर थोडासा घे, रीडखाली गादी घातल्यासारखा. कोपरे आत, शीळ घालतेस तसे. गाल फुगवू नकोस. आणि चावायचं नाही हं."

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं मला आठवड्याभरात जमलं.

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी गोत क्लॅरिनेटचं. सूर ओठांच्या थरथरण्यातून येत नाही, त्या पातळ रीडमधून येतो. रीडचं टोक आणि माउथपीस यांत फट असते जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, आणि रीडला हलायला तेवढीच जागा. जबडा आवळला की फट मिटत जाते, सूर चढतो, बारीक होतो, कधी चिरकतो. हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. पण दातांना ते कळायला वेळ लागला. रोज घरी जाताना खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला दातांचे वळ हुळहुळायचे.

मग सरांनी संगीताच्या वर्गातली पेटी काढली. आल्टोचा नुसता माउथपीस फुंकला की साधारण तार सप्तकातली पांढरी सहा लागायला हवी. सर ती पट्टी दाबून धरत, मी फुंकत असे. माझा सूर रोज वर. "चढलीस. म्हणजे चावतेस. ओठ सैल सोडू नकोस, कोपऱ्यांनी धर. खालून दाबू नकोस. बाकीचं काम पोटातल्या हवेला करू दे." मी आरशात हनुवटी बघत राही. ती गोळा झाली की समजायचं, ओठ दाबला गेला.

एका शनिवारी सकाळच्या शाळेनंतर माझा सूर पेटीच्या सुरात असा मिसळला की दोन आवाज वेगळे ऐकूच येईनात. सरांनी पट्टी सोडली, तरी वर्गात सूर चालूच होता, आणि तो माझा होता! तो क्षण आठवला की अजूनही अंगावर काटा येतो.

सोमवारी सरांनी सॅक्सोफोन गळ्यात घातला. पुढे वर्षभर सुरुवात लांब सुरांनीच. एका श्वासात एकच सूर, हलका सुरू करून मोठा करायचा आणि पुन्हा हलका, ओठ जराही न हलवता. कंटाळा यायचा, खरं सांगते. पण नवशिक्यांना आज बोटांची गाणी आधी शिकवतात ते मला मुळीच पटत नाही. बोटं नंतरही शिकतात. तोंड एकदा चुकीचं बसलं की ते मोडायला वर्षं जातात. रेडिओवर हिंदी चित्रपटसंगीतातले वादक मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन लागला की सर आम्हाला गप्प करत आणि एवढंच विचारत, "कुठे ओठ दाबलेला ऐकू येतो का?" कुठेच येत नसे.

सर आता नाहीत. महोत्सवाच्या तयारीसाठी मागच्या महिन्यात शाळेत गेले, तेव्हा कपाटात तो माउथपीस सापडला. खाचा आता चांगल्याच खोल झाल्यात. नवी रीड लावून तो सातवीतल्या एका मुलीच्या हाती दिला आणि मी पेटीसमोर बसले. तिचा सूर वर गेला. मी पांढरी सहा दाबून धरली.