एकच सीट

“तुम्ही एकट्याच का जाता?” हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, गच्चीवर वाळवण घालताना, कुठेही विचारला जातो. विचारणाऱ्यांना काळजी वाटते, कुतूहल असतं, आणि हल्ली बऱ्याच जणींच्या आवाजात ‘मलाही जायचंय’ हेसुद्धा ऐकू येतं. उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं पडतं, म्हणून आज सविस्तर लिहिते. फक्त जॉर्जिया आणि आर्मेनियाबद्दल लिहीन, कारण रस्त्याने एकटीने फिरण्यात काय आहे ते मला तिथे नीट उमगलं.

मी साताऱ्याकडची. वडापच्या जीपमधून कॉलेजला गेलेली. जीप भरेपर्यंत हलत नाही, ड्रायव्हर ‘एक सीट, एक सीट’ म्हणून ओरडत राहतो, आणि ते शेवटचं माणूस येऊन बसलं की ताटकळलेल्या सगळ्यांचे चेहरे खुलतात. जॉर्जियातली मार्शरुतका म्हणजे आपलं वडापच. राजधानी तिबिलिसीत दिदुबे मेट्रो स्टेशनच्या बाहेर पडलं की भाजीचे ढीग, भट्टीतून नुकते निघालेले लांबट पाव, आणि त्यांच्यामधून वाट काढत गेलं की फोर्ड ट्रान्झिट नाहीतर मर्सिडीज स्प्रिंटर जातीच्या व्हॅन उभ्या. काचेमागे गावाच्या नावाची पाटी, बहुतेकदा जॉर्जियन अक्षरांत. ही 33 अक्षरं मी निघण्याआधी घरी गिरवून गेले होते आणि त्याचा फार उपयोग झाला. बऱ्याच गाड्यांना ठरलेली वेळ असली तरी ती नावापुरती. गाडी भरली की सुटली.

दोघंतिघं एकत्र आलेली पर्यटक मंडळी इथे घुटमळतात. त्यांना शेजारशेजारच्या जागा हव्या असतात. त्या मिळत नाहीत, मग ती मंडळी वेगळी टॅक्सी करतात आणि आपापसांत बोलत निघून जातात. एकटं माणूस मात्र बॅग मांडीवर घेऊन उरलेल्या जागेत बसतं. आणि उरलेली जागा कुठे असते? एका बाजूला पावाची पिशवी सांभाळणाऱ्या आजी, दुसऱ्या बाजूला सुट्टीवर घरी निघालेला पोरगेला सैनिक, त्यांच्या मधोमध. माझं खरं उत्तर एवढंच आहे. एकट्या माणसाला उरलेली जागा मिळते आणि ती तिथल्या माणसांच्या मधली असते.

रशियाच्या हद्दीजवळच्या काझबेगी या डोंगरातल्या गावाचा रस्ता घ्या. त्याला जॉर्जियन मिलिटरी हायवे म्हणतात. अनानुरीचा किल्ला, त्याखाली झिनवाली धरणाचं पसरलेलं पाणी, मग वर चढत गुदाउरी आणि सुमारे 2400 मीटरवरची ज्वारी खिंड. हे सगळं टूरच्या बसमधूनही दिसतं आणि तितकंच सुंदर दिसतं. पण रस्त्याकडेला देऊळ दिसलं की सगळी व्हॅन एकदम तीनतीनदा छातीवर क्रूस करते, दूरच्या डोंगरावर ठिपक्याएवढं चर्च असलं तरी करते, ड्रायव्हरचाही एक हात स्टिअरिंगवरून सुटतो, हे कळायला त्यांच्यात बसावं लागतं. मला चर्च दिसायच्या आधी शेजारच्या आजींचा हात हलायचा. त्यांच्या हाताकडे बघून मी खिडकीबाहेर शोधायला लागले.

त्याच रस्त्यावर ट्रकची रांग लागते, कधीकधी कित्येक किलोमीटर. पुढे लार्सला रशियाची हद्द आहे आणि जॉर्जियातून रशियात जाणारा सध्याचा एकमेव चालू रस्ता हाच. शेजारच्या सैनिकाने मोबाइलवर भाषांतर करून मला नंबरप्लेटा ओळखायला शिकवलं. हा आर्मेनियाचा, हा रशियाचा. आर्मेनियाच्या तुर्कस्तानकडच्या आणि अझरबैजानकडच्या दोन्ही सीमा बंद. तुर्कस्तानची तर 1993 पासून. मग आर्मेनियाच्या शेतकऱ्याचा माल रशियाच्या बाजारात न्यायचा तर तो जॉर्जिया ओलांडून याच घाटातून न्यायचा, आणि बर्फ पडून घाट बंद झाला की तो ट्रक तिथेच अडकायचा. भूगोलाच्या पुस्तकात वाचून मला हे कधीच कळलं नसतं. पुढे आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, गेल्यावर शहराच्या माथ्यावर अरारात पर्वत दिसला. इतका जवळ, की वाटतं संध्याकाळी पायथ्याशी चालत जावं. पण तो तुर्कस्तानात आहे, आणि तिकडे जाणारा रस्ता बंद. तेव्हा मला घाटातली ती रांग आठवली.

आता जे सांगायला हा लेख लिहायला घेतला ते सांगते. तिबिलिसीहून तेलावीला निघाले होते, काखेती प्रांतात. द्राक्षाचा मुलूख. जमिनीत पुरलेल्या मोठ्या मातीच्या रांजणांत वाइन मुरवायची इथली रीत 2013 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. गोम्बोरीचा घाट लागला तशी शेजारच्या बाईंनी चौकशी सुरू केली. नवरा? मुलं? एकटीच? (हा प्रश्न तिथेही सुटत नाही.) कुठली? मी “इंदोएती” म्हटलं, म्हणजे भारत. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “केतेवान. गोवा.”

केतेवान ही काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत असताना तिने धर्म सोडायला नकार दिला आणि 1624 साली शिराझमध्ये हालहाल करून तिला मारण्यात आलं. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी गोव्यात आणला. ओल्ड गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चचा जो एकाकी, अर्धा ढासळलेला मनोरा उभा आहे, तेच ते ठिकाण. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तिथे अस्थी सापडल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यांची डीएनए तपासणी केली, आणि जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. आपल्याकडे ही बातमी आली आणि गेली. तिकडे केतेवान संत आहे आणि काखेती तिचं माहेर मानावं इतकं तिचं घर.

तो मनोरा मी अनेकदा पाहिलेला. मोबाइलमध्ये फोटो होता, पावसाळ्यातला, जांभ्या दगडावर शेवाळ चढलेलं. मी तो दाखवला. बाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, फोटो मोठा करून बघितला, कपाळाला लावला नाही एवढंच. मग तो मागच्या सीटवर गेला, तिथून पुढे, तिथून ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हरने घाटातल्या रुंदशा वळणावर गाडी कडेला घेतली. सगळी व्हॅन शांतपणे त्या फोटोभोवती जमली. एका आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बाईंनी पिशवीतून चुर्चखेला काढली, दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या आटवलेल्या रसात बुडवून सुकवलेले, आणि अख्खी माळ माझ्या हातात दिली. भाडं ड्रायव्हरने घेतलं नाही. मी पुन्हा पुन्हा देत राहिले, त्याने पुन्हा पुन्हा माझी मूठ मिटली. माझ्याबरोबर त्या दिवशी मैत्रीण असती तर आम्ही दोघी खिडकीतून द्राक्षाचे मळे बघत मराठीत गप्पा मारत गेलो असतो, आणि त्या बाईंनी आमच्या मध्ये तोंड घातलं नसतं. कोणीच सभ्य माणूस घालत नाही.

हीच गोष्ट स्वयंपाकघराची. डोंगराळ स्वानेती भागात, मेस्तियाला, घरगुती गेस्ट हाउसमध्ये चारपाच जणांचा घोळका आला की बाहेरच्या टेबलावर ताटं मांडतात. एकट्या बाईसाठी कोण वेगळं टेबल मांडणार? मला आत बोलावलं, चुलीजवळच्या बाकावर बसवलं. घरातल्या आजी स्वानचं मीठ कुटत होत्या. लाकडी उखळीत जाडं मीठ, सोललेला लसूण, धणे, निळ्या फुलांची मेथी, आणि झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या. झेंडू! आपण तोरणाला लावतो आणि देवाला वाहतो, तो त्या मसाल्यात घालतात. ओलसर, पिवळट मीठ तयार होतं आणि हाताला वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. आजींनी न विचारता बत्ता माझ्या हातात दिला. मांस मी खात नाही हे कळल्यावर बटाट्यावर तेच मीठ घातलं, वर घट्ट दही, शेजारी राजम्याचं सारण भरलेली रोटी, लोबियानी.

सगळंच गोड नाही, तेही सांगायला हवं. जिथे मार्शरुतका जात नाही तिथे एकटीला अख्ख्या गाडीचं भाडं पडतं. मेस्तियाहून उशगुलीला जाणाऱ्या मित्सुबिशी डेलिका गाड्या सकाळी चौकात माणसं जमायची वाट बघतात. जमली तर ठीक, नाहीतर दिवस वाया. आजारी पडलं की औषधाच्या दुकानात आपणच जायचं. आणि सामान कोणाच्या भरवशावर ठेवायचं हा प्रश्न प्रत्येक स्टँडवर असतो.

भीतीचंही विचारता. वाटते. म्हणून पहिल्या रात्रीची खोली आधी ठरलेली असते, नव्या गावात अंधार पडायच्या आत पोहोचते, गाडीत बायकांशेजारी बसते, गाडीच्या नंबराचा फोटो भावाला पाठवते. जॉर्जियात पाहुणचाराला वाइन आणि चाचा (द्राक्षाची कडक दारू) येणारच, ती आग्रहाने येते. ग्लास उचलायचा, मनापासून ‘गाउमार्जोस’ (आपलं ‘चिअर्स’) म्हणायचं, खाली ठेवायचा. आग्रह वाढला आणि टेबलावर फक्त पुरुष असले की मी उठते. कारण सांगत बसत नाही. सगळ्यात जास्त भीती मला वळणावरच्या ओव्हरटेकची वाटते. एकदा पासानाउरीला मी गाडी थांबवून उतरले आणि मागच्या व्हॅनची वाट बघितली. एकटं असल्याचा हा मोठा फायदा आहे: उतरायचं की नाही याची चर्चा करावी लागत नाही.

आणि परक्या माणसांवर किती विसंबावं, तर जॉर्जिया-आर्मेनिया सीमेवरच्या सादाख्लोचं सांगते. तिबिलिसीहून येरेवानला शेअर टॅक्सीने चालले होते. सीमेवर सगळ्यांनी आपापली बॅग घेऊन उतरायचं, शिक्का मारून घ्यायचा, पलीकडे पुन्हा त्याच गाडीत बसायचं. बाकीच्यांचं मिनिटभरात झालं. माझा भारतीय पासपोर्ट आत गेला आणि बाहेर येईना. अधिकारी पानं उलटतोय, भिंगातून बघतोय, फोन करतोय. ड्रायव्हरला परतीचं गिऱ्हाईक पकडायचं होतं, तो घड्याळ बघायला लागला. गाडीतल्या एक आर्मेनियन आजी उतरल्या, सरळ काचेच्या खिडकीपर्यंत आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. बोलल्या काहीच नाहीत. हातातली पिशवी खाली ठेवली, म्हणजे आता लगेच हलायचं नाही असं. शिक्का बसेपर्यंत त्या तिथेच होत्या. मग ड्रायव्हरला त्यांनी जे काही ऐकवलं ते ऐकून गाडीतले सगळे गप्प झाले.

ज्यांच्या आवाजात ‘मलाही’ ऐकू आलं त्यांच्यासाठी: सुरुवात काझबेगीने करा. दिदुबेला सकाळी नऊच्या आत पोहोचा. सुटे लारी (तिथलं चलन) जवळ ठेवा, भाडं बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच हातात द्यायचं असतं. हिवाळ्यात जाऊ नका, हिमकडे कोसळायचा धोका असला की घाट बंद करतात. काझबेगीच्या वरचं गर्गेतीचं चर्च 2170 मीटरवर आहे, गावातून चालत चढता येतं, वर जाताना डोक्याला ओढणी हवी. आणि अनानुरीला मध्येच उतरायचा मोह झाला तर पुढच्या प्रवासाचा विचार आधी करा. वरून येणाऱ्या आणि खालून जाणाऱ्या मार्शरुतका भरलेल्या असतात, एका सीटसाठीसुद्धा त्या तिथे थांबतीलच असं नाही.