टाकी चालू हाय, मासे अजून नाहीत

बरेच दिवस झाले, आमच्या हॉलमध्ये दोन फुटी टाकी चालू आहे. फिल्टर चालू, लाईट चालू, खडी घातलेली, कोपऱ्यात दोन झाडं लावलेली आणि आत मासा एकही नाही. घरी येणारा प्रत्येक माणूस आधी काचेला नाक लावून बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि आवाज बारीक करून विचारतो, "गेले काय रे सगळे?" शेजारच्या काकूंनी तर "असूदे, मनाला लावून घेऊ नको, दुसरे आण" म्हणून समजूतसुद्धा काढली. आईचं वेगळंच, "रिकाम्या टाकीला मोटर कशाला फिरवालास, बिल काय मासं भरणार हाईत?" (फिल्टर ८ वॅटचा आहे, चोवीस तास चालला तरी महिन्याला सहा युनिट पण होत नाहीत, हे सांगून झालं, उपयोग नाही.) तर एकेकाला समजावत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो, पुढं कुणी विचारलं की हेच वाचायला देणार.

टाकी सायकल करायला लावलीय. सायकल म्हणजे नायट्रोजन सायकल, मासे सोडायच्या आधीच टाकीत त्यांची घाण पचवणारे जीवाणू वाढवून घ्यायचे. मासा खातो आणि घाण करतो, कल्ल्यातनं पण अमोनिया सोडतो, उरलेलं खाद्य कुजतं त्याचा पण अमोनियाच होतो. नदीत, तळ्यात पाणी भरपूर असतं आणि तो अमोनिया खाऊन जगणारे जीवाणू दगडाधोंड्यावर आधीच बसलेले असतात. आपल्या ५० लिटरच्या काचेच्या खोक्यात पहिल्या दिवशी यातलं काहीच नसतं, पाणी नुसतं दिसायला स्वच्छ. त्यात दुकानातनं आणलेले सहा मासे सोडले की दोन-तीन दिवस नाद खुळा दिसतंय सगळं आणि मग एकेक मासा वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो, कल्ले लाल होतात, आणि आठवड्याभरात टाकी रिकामी. मग दुकानदार म्हणणार पाणी बाधलं, निळं औषध घाला. मी ज्या दुकानातनं टाकी घेतली तिथं पण "आज टाकी न्या, उद्या मासे न्या" असंच चाललेलं, आणि मी नुसती टाकीच नेतोय म्हटल्यावर तिथला पोरगा जरा नाराजच झाला.

दोन जातीचे जीवाणू लागतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राइट पण विषारी (ते रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेता येत नाही, पाण्यात हवा भरपूर असून मासा गुदमरतो), नायट्रेट मात्र थोडं असलं तर चालतं, ते पाणी बदलून आणि झाडं लावून आटोक्यात ठेवायचं. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या कामाला नायट्रोबॅक्टरचं नाव लिहिलेलं असतंय, खरं १९९० च्या दशकात टाक्यांचे फिल्टर तपासल्यावर कळालं की तिथं हे काम करणारा मुख्यतः नायट्रोस्पायरा आहे. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराचे असे प्रकार सापडले की जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही कामं एकटेच करतात. शंभर-सव्वाशे वर्षं सगळे धरून चालले होते की एका जीवाणूला हे जमत नाही.

हे मी घरात चार जणांना सांगितलं, चौघांनी जांभया दिल्या. मामा आला होता शिरोळकडनं, ऊसवाला माणूस, त्याला मात्र दोन वाक्यात कळालं. "आरं म्हंजे युरियाचंच की. आज टाकला म्हणून ऊस काय आजच वर येतोय व्हय?" एकदम बरोबर. रानात टाकलेल्या युरियाचा मातीत आधी अमोनिया होतो आणि मग याच कुळातले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, त्याला जमिनीत ओल आणि ऊब असली तरी आठवडा-दोन आठवडे जातात. मामानं लगेच आयडिया काढली, टाकीत पण चिमूटभर युरियाच टाक की, आणतो पोत्यातनं. नको म्हटलं, कारण २०१५ पासून आपल्याकडं युरिया सगळा नीम कोटेड करायला लावलाय आणि तो कडुलिंब लावलेला असतो तोच मुळी या जीवाणूंचं काम हळू करायला, म्हणजे नायट्रेट होऊन ते पाण्याबरोबर वाहून जाऊ नये. रानात ते फायद्याचं, मला नेमकं उलटं पाहिजे. यावरनं आणखी एक, टाकीत कडुलिंबाचा पाला टाका, पाणी शुद्ध राहतं, असं सांगणारे लई भेटतील. सायकल होईपर्यंत तरी टाकू नका. निळ्या औषधाचं पण तेच, ते बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू असतं आणि त्यात हे जीवाणू टिकत नाहीत.

मग मासे नसताना जीवाणूंना खायला काय घालायचं? सोपा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशाचं खाद्य टाकून कुजू द्यायचं, काही जण कोळंबीचा तुकडा टाकतात. चालतं, खरं वास येतो आणि किती अमोनिया झाला याचा अंदाज लागत नाही. मी नवसागर वापरला. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला भांडं तापवून आत फासतो तेच. आधी किराणा दुकानात गेलो, घरच्यासाठी गुळाची ढेप घेतली आणि वर सहज विचारलं नवसागर आहे का, तर मालकानं चष्म्यावरनं असं बघितलं की मला कळेना. बाहेर आल्यावर ट्यूब पेटली. हातभट्टीवर धाड पडल्याची बातमी आठवा, गूळ आणि नवसागर हमखास जोडीनं. असो. बाजारातला नवसागर कळकट पण असतो, त्यामुळं शेवटी लॅबचं सामान मिळतं तिथनं पांढरा स्वच्छ घेतला.

मापाचं गणित एकदा करून ठेवलं की सोपं आहे. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवायचा. १० ग्रॅम नीट मोजायला गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मित्राच्या दुकानात गेलो, सोन्याच्या काट्यावर नवसागर तोलताना गिऱ्हाईकं बघत होती ते सोडा. या पाण्याच्या एका मिलीत १० मिलिग्रॅम नवसागर येतो. १ पीपीएम (म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम) अमोनियासाठी लिटरमागं साधारण ३ मिलिग्रॅम लागतो, म्हणजे ५० लिटरच्या टाकीला २ पीपीएम करायला ३० मिली बास. ४-५ पीपीएमच्या वर जाऊ नका, जास्त घातलं म्हणून लवकर होत नाही, उलट अडकून बसतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहून वर ठेवा, घरात पोरं असतील तर जास्तच वर.

टेस्ट किट घ्याच. थेंबाचं घ्या, पट्टीचं नको. महाग वाटतंय, मान्य, खरं किट नसेल तर तुम्ही नुसते काचेकडं बघत बसणार. माझं रोज संध्याकाळचं काम ठरलेलं, नळीत ५ मिली पाणी, बाटली सरळ उलटी धरून थेंब मोजायचे, बूच लावून हलवायचं आणि पाच मिनिटांनी पांढऱ्या कागदापुढं धरून रंग लावायचा. अमोनिया नसेल तर पिवळं राहतं, असेल तर हिरवट, जास्त असेल तर गडद हिरवं. ट्यूबलाईटखाली पिवळं पण हिरवट दिसतं, त्यामुळं गॅलरीत उजेडात जाऊन बघायचं. नायट्राइटची नळी आकाशी असते ती जांभळी होते. नायट्रेटची दुसरी बाटली मात्र जोरात अर्धा मिनिट हलवल्याशिवाय वापरू नका, त्यातली पावडर तळाला बसते आणि नायट्रेट शून्य दाखवतं, मग माणूस म्हणतो सायकलच होईना.

पहिला आठवडा काहीच होत नाही. खरंच काही नाही, नळी हिरवी ती हिरवीच. मध्येच पाणी दुधाळ होतं, घाबरू नका आणि पाणी उपसू नका, ते दुसरेच जीवाणू, कुजकं खाणारे, ते अर्ध्या तासात दुप्पट होतात म्हणून आधी दिसतात. आपल्याला पाहिजेत त्यांना दुप्पट व्हायला बारा तासांपासून एक दिवस लागतो. नंतर एक दिवस हिरवा जरा फिका पडतो आणि त्याच दिवशी आकाशी नळीत जांभळी झाक येते, आणि मी एवढा ओरडलो की पुतण्या पळत आला, "काका मासं आलं?" पुढचा नायट्राइटचा टप्पा सगळ्यात चिवट. जांभळं, जांभळं, रोज जांभळंच. इथंच बरेच जण कंटाळून मासे आणतात. साधारण चार ते सहा आठवडे धरून चाला. संध्याकाळी २ पीपीएम घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला अमोनिया पण शून्य, नायट्राइट पण शून्य आलं, असं दोन-तीनदा सलग झालं, की समजायचं टाकी तयार.

लवकर करायचं असेल तर एकच खात्रीचा उपाय, कुणाच्या तरी जुन्या, रोग नसलेल्या टाकीतला फिल्टरचा स्पंज मागून आणायचा आणि ओलाच आणून आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. जीवाणू पाण्यात नसतात, स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून असतात, त्यामुळं जुन्या टाकीतलं पाणी आणून काही होत नाही. बाटलीतले जीवाणू मिळतात, काही चालतात, काही नुसतं महागडं पाणी.

पाण्याचं बोलायचं तर काळम्मावाडी धरणाचं असो नाहीतर बालिंग्याच्या पंपावरनं आलेलं, नळाला आलंय म्हणजे क्लोरीन आहे, आणि पावसाळ्यात तर आमच्याकडं बादली भरतानाच टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येतो. क्लोरीन जीवाणू मारायलाच घालतात, आपले-परके त्याला कळत नाहीत. अँटी-क्लोरीनचे थेंब घाला, नाहीतर बादलीत हवेचा पंप सोडून एक दिवस ठेवा. बोअरचं वापरणार असाल तर आधी त्याची टेस्ट करा, उसाच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकतं आणि मग तुम्ही फुकट खुश व्हाल.

पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडं आहे की अल्कलीकडं ते सांगणारा आकडा, तो पण बघत चला. हे जीवाणू काम करताना पाणी आम्लाकडं नेतात, पाणी मऊ (क्षार कमी असलेलं) असेल तर पीएच साडेसहाच्या खाली घसरतो आणि सगळं ठप्प होतं. थोडा खायचा सोडा विरघळवून घातला की परत सुरू. उलट बाजूनं, पीएच जास्त असेल तर तोच अमोनिया जास्त घातक, म्हणजे २५ डिग्रीला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला शंभरात एक भाग पण विषारी रूपात नसतो, ८ झाला की पाच भागांच्या वर जातो. म्हणून एका मित्राचे मासे जगतात आणि दुसऱ्याचे मरतात, दोघं पण शपथेवर सांगतात आम्ही सेमच केलं. हिवाळ्यात सुरुवात करत असाल तर हीटर लावा, थंड पाण्यात जीवाणू मरत नाहीत खरं फार हळू चालतात.

लाईट गेली तर? तास-दोन तास काही होत नाही. जास्त वेळ गेली की बंद डब्याच्या फिल्टरमध्ये ऑक्सिजन संपतो आणि जीवाणू मरायला लागतात, त्यामुळं सेलवरचा छोटा हवेचा पंप घरात असलेला बरा. २०१९ च्या पुरात शहरात आठवडाभर नळाला पाणी नव्हतं, तेव्हा ज्यांच्याकडं मोठ्या टाक्या होत्या त्यांचं काय झालं असेल हा विचार मला आता यायला लागलाय.

माझी टाकी या आठवड्यात दुसऱ्यांदा शून्य-शून्य आलीय. आणखी एकदा आली की निम्म्याच्या वर पाणी बदलून साठलेलं नायट्रेट खाली आणणार, आणि ते पाणी आईच्या कढीपत्त्याला, आधी एका कुंडीतच घालून बघायचं, नवसागराचं मीठ त्यात आहे. मग मासे. त्यातही एकदम नाही, आधी पाच-सहा गप्पी, आठवडाभर रोज टेस्ट, अमोनिया दिसला तर खाद्य बंद आणि पाणी बदल. पुढं दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं आणि स्पंज धुवायचा तो टाकीतनं काढलेल्या पाण्यात पिळून, नळाखाली कधीच नाही. पुतण्याला गोल्डफिश पाहिजे होता, त्याला सांगितलं की तो वीतभर वाढतो आणि घाण पण तशीच करतो, दोन फुटीत नको, तो अजून रुसलेलाच आहे. आणि गप्पी घेताना दुकानात नीट बघून सगळे नर घ्या, रंगीत शेपटीचे. एक जरी मादी आली तरी ती बहुतेक पोटात पिल्लं घेऊनच येते, महिन्याला वीस-तीस, आणि मग तुम्ही पिशव्या भरून गल्लीत वाटत फिरणार.