इलेक्ट्रिक गाडीचा इन्शुरन्स, माझा अनुभव : शंभराचे १५८ झाले तिथून पुढे

गाडी घेताना आम्ही सगळा हिशोब केला होता, म्हणजे चार्जिंगला किती, सर्व्हिसिंगला किती, ऑइल बदलायचं नाही, क्लच नाही, पाच वर्षांत किती वाचतील वगैरे, नवऱ्याने तर रंगीबेरंगी एक्सेल शीट बनवली होती. त्यात इन्शुरन्सच्या रकान्यात त्याने जुन्या पेट्रोल गाडीचाच आकडा कॉपी पेस्ट केला होता आणि मी पण नीट बघितलं नाही. डिलिव्हरीच्या चार दिवस आधी शोरूमने कोट पाठवला आणि तो रकाना लाल झाला.

रक्कम सांगत बसत नाही, प्रत्येकाची गाडी वेगळी, किंमत वेगळी, त्याचा तुम्हाला उपयोग नाही. असं करू, जुन्या पेट्रोल गाडीचा शेवटच्या वर्षीचा प्रीमियम १०० धरा. शोरूमचा कोट होता १५८.

नवरा म्हणाला लुटतायत, इलेक्ट्रिक दिसली की लावला चुना. मलाही तेच वाटलं. मग आमच्या एजंट काकांना फोन केला, बाबांच्या स्कूटरपासून आमच्या घरातले सगळे विमे तेच बघतात. त्यांचा पहिला प्रश्न, "अगं, जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस लावलाय का यात?" म्हणजे वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या प्रीमियममध्ये मिळते ती सूट. मी कोट परत उघडला. नव्हता लावलेला. शोरूमवाल्याने विचारलंच नव्हतं आणि मला वाटत होतं जुनी गाडी विकली की बोनस पण तिच्याबरोबर गेला. काका म्हणाले, बोनस तुझा आहे, गाडीचा नाही, जुन्या कंपनीकडून पत्र मागव.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला स्वतःला सुचायला पाहिजे होती. मी सात वर्षं वापरलेल्या गाडीच्या प्रीमियमशी नव्या कोऱ्या गाडीची तुलना करत होते. जुनी गाडी जेवढ्याला गेली असती तेवढ्याचाच तिचा विमा होता. "याच किमतीची नवी पेट्रोल गाडी घेतली असतीस तर किती आला असता ते काढू," म्हणाले, आणि त्यांनी बोनस लावून काढून दिलं, १२१. मग आमच्या गाडीला तोच बोनस लावला, १३९. म्हणजे इलेक्ट्रिक आहे म्हणून जे जास्त जात होतं ते १८ होते, ५८ नाही. बाकीचे ४० मधले काही नव्या गाडीचे आणि काही आमच्या आळसाचे.

आता हे १८ कशाचे, हा माझा पुढचा प्रश्न. काका म्हणाले मला माहीत नाही, गॅरेजवाल्याला विचार. विम्याचं गणित शेवटी गॅरेजच्या बिलावरच चालतं हे वाक्य त्यांनी इतकं सहज टाकलं की मी दोन दिवसांनी खरंच एका गॅरेजमध्ये जाऊन बसले, जिथे इलेक्ट्रिक गाड्यांची अपघाताची कामं होतात. तिथल्या फोरमनने लिफ्टवर चढवलेली एक गाडी खालून दाखवली. अख्खा तळ म्हणजे एक सपाट सील केलेली पेटी, हीच बॅटरी, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत. गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा या एका पेटीत, कधी त्याहून जास्त. पेट्रोल गाडी खालून आपटली की ऑइल संप, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, फुटतं, बदलला, ऑइल भरलं, घरी. इथे पेटीला दणका बसला की गाडी चालते की नाही हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो की ही बॅटरी सुरक्षित आहे असं लिहून सही कोण देणार. आणि सही द्यायला कोणी तयार नसतं, त्यापेक्षा बदला म्हणतात. आत ४०० व्होल्ट, काही गाड्यांत ८०० व्होल्टच्या आसपास, कोणीही पान्हा घेऊन उघडायची वस्तू नाही ती, त्याचं वेगळं ट्रेनिंग लागतं, वेगळे हातमोजे लागतात, आणि असे मेकॅनिक कमी आहेत म्हणून त्यांचा तासाचा दरही वेगळा.

मी विचारलं आतला खराब तुकडा तेवढा बदलता येत नाही का. म्हणाला गाडीवर आहे. २०१० सालच्या पहिल्या निसान लीफमध्ये आत ४८ वेगवेगळे मॉड्यूल, म्हणजे सेलचे छोटे गठ्ठे, होते, वेळ पडली तर एखादं काढता यायचं. हल्ली काही कंपन्या बॅटरी गाडीच्या सांगाड्याचाच भाग करतात, वजन वाचतं, गाडी मजबूत होते, पण मग दुरुस्त काय करणार, सगळंच चिकटवलेलं. म्हणजे दोन इलेक्ट्रिक गाड्या एकाच किमतीच्या असल्या तरी प्रीमियम वेगळा येऊ शकतो आणि त्याचं कारण ब्रोशरमध्ये कुठेच छापलेलं नसतं. गाडी बुक करायच्या आधी मला हे माहीत असतं तर मी रंग आणि सनरूफपेक्षा यावर जास्त वेळ घालवला असता.

आगीचं पण विचारलं कारण घरी सगळ्यांचं मत हेच की पेट घेतात म्हणून विमा महाग. फोरमन हसला. नंतर मी वाचलं, स्वीडनच्या आपत्कालीन यंत्रणेने २०२२ सालचे आकडे काढले होते त्यात सहा लाखांवर इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांपैकी फक्त २३ पेटल्या होत्या, आणि पेट्रोल-डिझेलचं प्रमाण त्याच्या कितीतरी पट जास्त. पण ठोकलेली बॅटरी नंतर, कधी काही दिवसांनीही पेटू शकते, म्हणून अशी गाडी आणली की ती मोकळ्यावर बाकी गाड्यांपासून लांब ठेवायची, १५ मीटर सोडा असं बऱ्याच कंपन्यांच्या सूचनांत असतं. त्या मोकळ्या जागेचं भाडं कोण भरतं? क्लेममध्येच येतं ते. ब्रिटनमधल्या थॅचम रिसर्च या विमा कंपन्यांसाठी गाड्यांच्या दुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये हिशोब काढला होता की तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचे क्लेम सुमारे २५ टक्के महाग पडतात आणि दुरुस्तीला सुमारे १४ टक्के जास्त वेळ लागतो. वेळ लागला की बदली गाडीचा खर्च, तोही विम्यातच.

बरं, कारण कळलं म्हणून प्रीमियम कमी होत नाही. मी ऑनलाइन बसले आणि सात कोट काढले. सगळ्यात स्वस्त होता ११२. नवरा म्हणाला घे, नव्या पेट्रोल गाडीपेक्षा पण कमी. मी जवळजवळ घेतलाच होता, पैसे भरायच्या पानावर होते, पण काकांनी बजावलं होतं की पॉलिसीचं पूर्ण वर्डिंग डाउनलोड केल्याशिवाय भरू नकोस. ते बारीक अक्षरातलं पीडीएफ उघडलं आणि त्यात बॅटरी शोधलं. एकाच ठिकाणी सापडली. टायर, ट्यूब आणि बॅटरी, बदलल्यास निम्मी किंमत मिळेल.

हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोक्यात बॉनेटखालची ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी होती हे उघड आहे. त्या काळी गाडीत दुसरी बॅटरी नव्हतीच. पण आता तोच शब्द माझ्या गाडीच्या तिसऱ्या हिश्श्याला लागतो का? कस्टमर केअरला विचारलं, तो म्हणाला मॅडम सगळं कव्हर आहे. लिहून द्या म्हटलं तर मेल करा म्हणाला. मेल केला, सहा दिवसांनी उत्तर आलं, पॉलिसीच्या अटींनुसार. बस. दुसऱ्या एका कंपनीने तिसऱ्या दिवशी स्वच्छ लिहून दिलं की गाडी चालवणारी मुख्य बॅटरी वेगळी धरली आहे, अपघातात बदलावी लागली तर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापणार नाही, आणि त्यासाठी जादा पैसे भरून हे अमुक अॅड-ऑन घ्यावं लागेल. त्यांचा कोट १४४. म्हणजे ११२ आणि १४४ या दोन वेगळ्याच वस्तू होत्या, नाव तेवढं सारखं.

अजून एक घोळ मी त्याच आठवड्यात निस्तरला. बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे मग विम्यात परत कशाला, हा नवऱ्याचा मुद्दा. वॉरंटी ही बॅटरी आतून बिघडली किंवा क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर. बाहेरून दगड लागला तर वॉरंटीवाला हात वर करणार, आणि क्षमता हळूहळू कमी झाली तर विमावाला हात वर करणार. मधे पाणी. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि बॅटरीत पाणी गेलं तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून ते एक कलम मी तीनदा वाचलं आणि लेखी घेतलं. चार्जिंग चालू असताना विजेचा झटका येऊन नुकसान झालं तर, ते पण. आणि टोइंग, हे कोणी विचारत नाही, इलेक्ट्रिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये कारण चाकं फिरली की मोटर वीज बनवायला लागते, म्हणून रोडसाइड असिस्टन्समध्ये सपाट ट्रकच येणार ना हे विचारून घेतलं.

शेवटी १४४ चे १३४ केले. छोट्या नुकसानीत स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम वाढवून घेतली, म्हणजे बंपरला ओरखडा आला तर आपणच भरायचं, मोठ्यासाठी विमा. आणि चावी हरवली, सामान चोरीला गेलं असली दोन अॅड-ऑन काढून टाकली.

नवव्या महिन्यात तो दगड लागला.

रात्र होती, समोरून लाइट डोळ्यावर, आणि गाडीखाली खट्ट असा आवाज आला की पोटात गोळा आला. डॅशबोर्डवर काहीच नाही, गाडी मस्त चालतेय. नवरा म्हणाला जाऊ दे. मला तो फोरमन आठवला, सकाळी गाडी लिफ्टवर घेतली. पेटीच्या खालच्या संरक्षक पत्र्याला तळहाताएवढा खड्डा. क्लेम टाकला. नुकसान बघणारा सर्व्हेअर आला, फोटो काढले, म्हणाला अशी दुसरीच केस बघतोय, आणि हे इतकं प्रामाणिकपणे म्हणाला की मला रागच आला नाही. मग कंपनीच्या वर्कशॉपने लॅपटॉप जोडून प्रत्येक सेलचं व्होल्टेज काढलं, इन्सुलेशन तपासलं, पेटीत हवा भरून ती कुठून सुटते का बघितलं. तपासणीचे सहा दिवस, मग त्या रिपोर्टवर विमा कंपनी आणि वर्कशॉप यांची पत्रापत्री अकरा दिवस. वर्कशॉपचं पहिलं म्हणणं होतं पूर्ण बॅटरी पॅक बदला. विमा कंपनीचं म्हणणं रिपोर्ट चांगला आहे, पत्रा बदला. मी मधे. खरं सांगायचं तर मला मनातून नवी बॅटरी मिळाली तर हवीच होती, पण रिपोर्ट खरंच चांगला होता. पत्रा बदलला, पेटीचं वरवरचं काम झालं, गाडी तेविसाव्या दिवशी घरी. बिलातला सगळ्यात मोठा आकडा पत्र्याचा नव्हता, तपासणीचा आणि जागेच्या भाड्याचा होता. माझे ते वाढवून घेतलेले पैसे गेले, बाकी त्यांनी भरलं, एकदाही घसारा हा शब्द न काढता. तेव्हा १३४ आणि ११२ मधले ते २२ मला पहिल्यांदा स्वस्त वाटले.

आणि मग रिन्यूअल आलं. बोनस गेलेला, क्लेम झालेला, १६१. एक वर्ष जुनी गाडी म्हणजे किंमत कमी आणि प्रीमियम जास्त. काकांना फोन. ते म्हणाले पहिला आकडा कधी घ्यायचा नसतो, तो रिपोर्ट पाठव मला. बॅटरीच्या तपासणीचा रिपोर्ट, जो माझ्यासाठी नुसता कटकटीचा कागद होता, तो त्यांनी तीन कंपन्यांना पाठवला, की बघा, गाडी ठोकली होती हे खरं पण आत सगळं ठणठणीत आहे, तारीख बघा. एका कंपनीने लक्षच दिलं नाही. एकीने १५२ केले. तिसरीने १४६, वर अट घातली की गाडीतल्या अॅपमधून ड्रायव्हिंगचा डेटा द्यायचा, जोरात ब्रेक, वेग, रात्रीचं चालवणं वगैरे. टेस्लाने २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात स्वतःचा विमा सुरू केला, आणि चालवण्याच्या पद्धतीवरून प्रीमियम ठरवायची पद्धत २०२१ मध्ये टेक्सासमध्ये आणली, तसलाच प्रकार. मला ते नको वाटलं. मी हळू चालवते पण रात्रीच जास्त चालवते, माझ्या कामाच्या वेळाच तशा आहेत, त्याची शिक्षा का भोगायची. सहा जास्त देऊन १५२ वाली घेतली. नवऱ्याच्या मते हा मूर्खपणा आहे आणि एक्सेलमध्ये तशी कॉमेंट पण आहे.

परवा नवी पॉलिसी मेलवर आली. बॅटरीच्या कलमात यावेळी चार्जिंग केबलही धरली आहे, पण ती गाडीत ठेवलेली असेल तरच. आमची वर्षभर भिंतीवरच्या खिळ्याला लटकत होती. आता डिकीत आहे, आणि तिच्यामुळे भाजीच्या पिशव्या मागच्या सीटवर येतात.