तुम्ही विचारलंत म्हणून: सॉर्टचा रिकामा कंस

'मॅडम, सॉर्टशी तुमचं नेमकं काय वैर आहे?'

टीममध्ये नवं कुणी आलं की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच. जावास्क्रिप्टमध्ये ॲरेला, म्हणजे ओळीनं ठेवलेल्या यादीला, सॉर्ट (क्रम लावायची आज्ञा) लावलाय आणि पुढे रिकामा कंस आहे असं कोड रिव्ह्यूत, म्हणजे दुसऱ्याचं कोड तपासताना, दिसलं की मी पुल रिक्वेस्ट, म्हणजे तो बदल सामील करून घ्यायची विनंती, अडवते. कंसात तुलनेचं फंक्शन, म्हणजे दोघांत आधी कोण हे ठरवणारा नियम, असलं तरी विचारते, हा ॲरे कोडमध्ये अजून कुणाच्या हातात आहे? शनिवारच्या बॅचमधल्या मुलांनी माझी नक्कलही बसवली आहे. टपरीवर कुणी रांगेत मध्ये घुसलं की म्हणतात, 'मूळ रांग हलवलीस, कॉपी का नाही केलीस?' मीही हसते आणि 'एकदा चटका बसलाय' म्हणून विषय टाळते. आज सगळं सांगून टाकते, म्हणजे पुन्हा कुणी विचारायला नको.

तुम्हाला येतं ते उगाळत नाही. सॉर्टला काही सांगितलं नाही तर तो आकड्यांचीही अक्षरं करून तुलना करतो, म्हणून १० हा २ च्या आधी येतो. शिवाय तो नवा ॲरे देत नाही, आहे तोच हलवतो. हे पाठ करून तुम्ही मुलाखती पार केल्यात. 'मला तेव्हा माहीत नव्हतं' असं म्हणून मला सुटता आलं असतं, पण ते अर्धंच खरं आहे. पहिली गोष्ट मी वाचलेली होती. दुसरीबद्दल मात्र मी बिनधास्त चुकीचं धरून चालले होते. मॅप (यादीतलं एकेक बदलणारा) नवा ॲरे देतो, फिल्टर (हवं तेवढंच निवडणारा) नवा देतो, मग सॉर्टही देत असेल.

२०१७ ची दिवाळी. माझा मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव. दहा दिवसांची बिलं संस्थेच्या जुन्या सॉफ्टवेअरवर निघायची, पण दिवाळीचा फरक, म्हणजे वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागे मिळणारी जादा रक्कम, मामा वहीवर काढायचा. सभासद २१२. त्यासाठी तो चार रात्री जागायचा. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, लॅपटॉप नवा होता. म्हटलं, 'मामा, मी काढून देते. अर्ध्या तासाचं काम आहे.'

अर्धा तासही लागला नाही. एका ॲरेत सभासद क्रमांक, दुसऱ्यात त्याच क्रमानं रकमा. सह्या घ्यायची यादी ओळीत छापली जावी म्हणून क्रमांकांच्या ॲरेला सॉर्ट लावला, जे परत आलं ते यादीला दिलं, आणि पाकिटांवरच्या लेबलांसाठी मूळ ॲरे वापरला. मूळ! मामाची वही एकपासून दोनशे बारापर्यंत ओळीतच होती, सॉर्टची गरजच नव्हती, हे आठवलं की आजही कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. आणि तपासणी केली नव्हती असं नाही हं. पहिले आठ सभासद घेऊन केली होती. एक ते आठ अक्षरांच्या क्रमानंही एक ते आठच येतात.

दोनशे बारा आल्यावर क्रमांक हलले आणि रकमा होत्या तिथंच राहिल्या. १, १०, १००, १०१ अशी ओळ लागली. म्हणजे १० नंबरला २ नंबरचे पैसे, १०० नंबरला ३ चे, १०७ नंबरला १० चे. २ नंबर सरकत ११२ व्या जागेवर गेला आणि त्याला ११२ नंबरचे पैसे लागले. नंतर मी कागदावर एकेक मोजून बघितलं. २१२ पैकी फक्त एकाचा क्रमांक स्वतःच्या जागी राहिला होता, १ नंबरचा. आणि १ नंबर म्हणजे चेअरमन.

आदल्या रात्री आम्ही संस्थेच्या ऑफिसात पाकिटं भरत बसलो होतो. लेबलांचा कागद हातात घेऊन मामा म्हणाला, 'अगं, ही ओळीत न्हाईत की. एकाच्या म्हागं धाच आलाय.' मी लॅपटॉपवरून मानही वर न करता म्हणाले, 'लाव हातानं. रकमा बरोबर आहेत, बेरीज बघ.' बेरीज खरोखरच बरोबर होती. पैसे तेवढेच, नुसते एकमेकांच्या पाकिटात गेलेले. बेरीज चुकेल कशी? बँकेतून आणलेल्या रकमेशी रुपयाचाही फरक नव्हता. मामानं माझ्यावर विश्वास ठेवून दोनशे बारा पाकिटं जमिनीवर मांडली आणि हातानं ओळीत लावली. माझ्या चुकीची एकमेव उघडी खूण होती ती, आणि तीही मी त्याच्याकडूनच पुसून घेतली.

सकाळी नारळ फोडून वाटप सुरू झालं. पहिलं पाकीट चेअरमननी घेतलं, मोजलं, 'बरोबर' म्हणाले. मग कोण कशाला मोजतंय?

१०७ नंबर म्हणजे एक एकट्या बाई, घरात एक म्हैस. त्यांचा फरक व्हायचा २,८६० रुपये. पाकिटात निघाले ३१,४००. त्या टेबलाशीच थांबल्या, दोन हजारांच्या नोटा दोनदा मोजल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'एवढं कसं गं बाई? माझी तर एकच म्हस हाय.'

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द आठवतं. 'मावशी, कॉम्प्युटरनं काढलंय. त्याची चूक होत नाही.'

दुपारी १० नंबरचा मुलगा परत आला. गोठ्यात चौदा जनावरं, आणि फरक चार हजारांचा? मामानं वही उघडली. एक ओळ बघितली, दुसरी बघितली आणि काही न बोलता ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. तोवर त्र्याऐंशी पाकिटं गेली होती.

ज्यांना कमी मिळाले होते ते आपणहून आले. ज्यांना जास्त गेले होते त्यांच्या दारोदार मामाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी फिरले. बहुतेकांनी दिले. काहींनी 'दिवाळी झाल्यावर बघू' म्हटलं आणि ती दिवाळी कधी झालीच नाही; तेवढी खोट मामानं खिशातून भरली. किती, ते त्यानं मला आजवर सांगितलेलं नाही. १०७ नंबरच्या मावशींनी त्याच दुपारी गहाण पडलेल्या पाटल्या सोडवून आणल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा त्या हातातच होत्या. मामा म्हणाला, संस्था हप्त्यानं बिलातून कापून घेईल. त्या नको म्हणाल्या. 'लोकाचं पैसं घरात नगं.' दुसऱ्या दिवशी २८,५४० रुपये रुमालात बांधून त्यांनी टेबलावर ठेवले. मी हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. तरी मनगटं रिकामी दिसलीच.

तर हे असं आहे.

आता तुमचं म्हणणं. पहिलं म्हणजे, 'मॅडम, आता टूसॉर्टेड आलाय.' आलाय, जावास्क्रिप्टच्या २०२३ च्या प्रमाण आवृत्तीत. तो नवा ॲरे देतो, मूळला हात लावत नाही. तो तेव्हा असता तर पाकिटं बरोबर गेली असती, नुसती सह्यांची यादी वेडीवाकडी छापली असती, हे कबूल. पण रिकाम्या कंसात तोही १० ला २ च्या आधीच बसवतो, हे तुमच्यातल्या निम्म्यांना मी सांगितल्यावर कळलं. आणि यादी नावांची असली तरी गप्प बसू नका. रिकामा कंस युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या, आकड्यांवर चालतो. तिथं ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसलाय, म्हणून 'बाळू' हा 'बावा'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. गावातल्या मतदार यादीत असं करून बघा, मग कळेल.

दुसरं, 'भाषेला का दोष देता?' देते थोडा. पायथॉन या दुसऱ्या भाषेत यादीचा सॉर्ट जागेवर हलवतो आणि मुद्दाम काहीच परत देत नाही. परत आलेलं वापरायला गेलात की लगेच आपटता. जावास्क्रिप्टचा सॉर्ट मूळ हलवतो आणि वर तोच ॲरे असा हातात ठेवतो की नवा दिलाय असं वाटावं. १९९५ साली ब्रेंडन आयकनं दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना उभा केला, ती घाई मी समजू शकते. माझी तर अर्ध्या तासाची होती.

तिसरं तुम्ही नाही, एका जुन्या सहकाऱ्यानं सुनावलं, आणि ते जास्त लागलं. तो म्हणाला, 'तुझा गुन्हेगार सॉर्ट नाहीच. क्रमांक एका ॲरेत आणि रक्कम दुसऱ्यात ठेवलीस, तिथंच मेलीस. दोन्ही एका ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे एकाच नोंदीत, ठेवली असतीस तर सॉर्टनं कितीही उलटंपालटं केलं असतं, तरी पैसे आपल्या धन्याजवळच राहिले असते.' यावर माझ्याकडे उत्तर नाही. इतकी वर्षं मी भलत्यालाच धरून बसलेय, असंही असेल. पण वेगळे ॲरे निदान डोळ्यांना दिसतात. सॉर्ट गुपचूप करतो, आणि बेरीज जुळते. बेरीज जुळते म्हणूनच तर मी मान वर केली नाही. की मान वर केली नाही हाच खरा मुद्दा आहे आणि सॉर्ट माझ्या सोयीचा आहे? मामाला विचारलं तर तो हेच म्हणेल. तो सॉर्टचं नावही जाणत नाही.

गेल्या महिन्यात टीममधल्या सगळ्यात लहान मुलाची पुल रिक्वेस्ट मी अशीच अडवली. त्यानं शांतपणे लिहिलं, 'ताई, हा ॲरे आधीच्या ओळीत मॅपनं नवा तयार झालाय, दुसऱ्या कुणाकडेच नाही. आणि कंसात तुलना दिलेली आहे.' ओळ पुन्हा वाचली. त्याचं बरोबर होतं. मंजूर करायला मात्र दुसरा दिवस उजाडला.